सरस्वतीखाली अडकलेलं शेवटचं प्रकरण

अकरा वर्षं मी कादंबरी लिहीत होतो आणि त्या अकरा वर्षांत तिची दीड ओळ लिहून झाली होती. आज हे मी मजेत सांगतो. त्या काळी कोणी माझ्या तोंडावर असं म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर दौत फेकली असती. दौत माझ्यापाशी होती, काठोकाठ भरलेली. तिच्यातली शाई कमी होई ती फक्त उन्हाने.

साठ साल अजून उजाडायचं होतं. बंगळुरात बसवनगुडीला आमचं घर होतं. इतक्या पिढ्या आम्ही तिथे काढल्या होत्या की आमच्या मराठीत कन्नड किती आणि कुठे मिसळलंय हे आम्हालाच कळत नसे. घरात माणसं नऊ आणि खोल्या चार. त्या चारांतली रस्त्याकडची एक अख्खी खोली माझ्या एकट्याची होती, कारण मी लेखक होतो. दिवसा सरकारी कचेरीत कारकून आणि संध्याकाळी बंद दारामागे लेखक. माझी बायको शिवण उत्तम शिकवत असे. आळीतल्या मुली तिच्याकडे येत. पण तिचं मशीन न्हाणीघराजवळच्या बोळात होतं. तिथे दोन मुली उभ्या राहिल्या की तिसरीला बंबाचा चटका बसे.

लेखकाचं आयुष्य फार सुखाचं असतं, जोवर तो लिहीत नाही तोवर. रेशनच्या रांगेत कोण जाणार? ते लिहिताहेत. नात्यातल्या बारशाला कोण जाणार? ते लिहिताहेत. छपरावर कौलं सरकलीत, चढणार कोण? श्श, हळू बोला, ते लिहिताहेत. आत मी नखं कापत असे. टाकाची निबं पुसून ओळीने मांडत असे. खिडकीतून दिसणाऱ्या माणसांपैकी कोण रागावलंय आणि कोणाला नुसतंच ऊन लागतंय, यावर स्वतःशी पैज लावत असे. दर वर्षी ठरवत असे की पाऊस संपला की बसू. मग थंडी संपली की. मग आंबे संपले की.

आणि मग तो उगादीचा, म्हणजे पाडव्याचा, दिवस आला.

पुण्याहून माझे मामेसासरे आले होते. शुद्ध मराठी बोलणारे, कोट घालणारे, प्रत्येक वाक्यानंतर आपण काय सुंदर बोललो ते बघायला थांबणारे गृहस्थ. कडुनिंब आणि गूळ वाटून झाला होता, माजघर नातेवाइकांनी भरलं होतं. मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय जावईबापू, कादंबरी कुठवर आली?"

"चालली आहे," मी म्हणालो.

"ते झालं हो. पण प्रकरण कितवं?"

मी छताकडे पाहिलं. लेखकाने छताकडे पाहिलं की लोक गप्प बसतात, हा माझा अनुभव होता. पण बायको ताट घेऊन मागेच उभी होती.

"मामा," ती म्हणाली, "नायिका दारात उभी आहे. अकरा वर्षं झाली. पाय दुखले असतील हो बिचारीचे."

माजघर हसलं. मामा हसले, त्यांचा कोट हसला. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू आणि जी लग्नानंतर दोन वर्षांनी परत येऊन आमच्या घराची सरसेनापती झाली होती, ती अक्का तर पदर तोंडात धरून भिंतीला टेकली. मला सर्वांत जास्त राग कशाचा आला सांगू? दीड ओळ बायकोने वाचली होती याचा. 'ती दारात उभी होती. बाहेर' एवढंच तर होतं ते!

मी पाटावर उभा राहिलो. का ते विचारू नका. जमिनीवर उभं राहून तो राग मावत नव्हता. म्हणालो, "ऐका सगळे! येत्या दसऱ्याला, सूर्य मावळायच्या आत, बन्नीची पानं वाटायच्या आधी माझी कादंबरी पुरी झालेली असेल!" बन्नी म्हणजे शमी; आमच्याकडे दसऱ्याला सोनं म्हणून तिचीच पानं वाटतात.

"आणि नसली तर?" बायकोने ताट खाली ठेवत विचारलं.

"नसली तर खोली तुझी. मशीन आत, मी बाहेर. आणि लेखक हा शब्द मी या घरात पुन्हा काढणार नाही."

"पुरी झाली हे ठरवणार कोण?"

"तू ठरव!"

"सरी," ती म्हणाली. बरं, ठीक आहे. एवढा एकच शब्द. तो कन्नड शब्द तिने अशा थंडपणे उच्चारला की मी पाटावरून उतरलो तेव्हाच मला कळलं, आपण फसलो.

दुसऱ्या दिवशी मी ताबडतोब कामाला लागलो, म्हणजे चिकपेटेत कागद आणायला गेलो. कपड्यांच्या गठ्ठ्यांतून आणि हमालांच्या शिव्यांतून वाट काढत नेहमीच्या कागदवाल्यापाशी पोचलो. तो म्हातारा मला पाहून चष्मा पुसायला लागला.

"एन् सार, मत्ते बंद्रा? परत आलात? मागच्या उगादीला रीम नेलं होतं ते संपलं?"

"संपत आलंय."

"सार, त्याच्या आदल्या वर्षीचंही नेलं होतं." तो आपुलकीने पुढे झुकला. "घरात वाळवी आहे का हो?"

वाळवी! मी कागद न घेता निघालो. ते सारे रीम माझ्या खाटेखाली कोरे पडले होते आणि त्या म्हाताऱ्याला ते कळलं होतं. मामांना कळलं होतं, आळीला कळलं होतं, फक्त मलाच मी लेखक वाटत होतो. बसला थांबायचंही भान राहिलं नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, खिशातलं कचेरीचं रद्द झालेलं परिपत्रक काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला लागलो. 'ती दारात उभी होती. बाहेर कोणी तिला आत ये म्हणत नव्हतं आणि आत कोणी तिला बाहेर जा म्हणत नव्हतं.' मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. दुकानदार दुकान उघडायला आला आणि मला उठवलं तेव्हा परिपत्रक दोन्ही समासांसह भरलं होतं.

मला माझी किल्ली सापडली होती. शांत खोली, कोरा कागद, ओळीने मांडलेली निबं यांनी माझं काहीही होणार नव्हतं. मला राग यायला हवा होता.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "उद्यापासून मी कचेरीला निघताना रोज माझा एक अपमान करायचा."

ती मशीनवर एका पोलक्याची बाही जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकच?"

तिने हे काम ज्या आनंदाने केलं त्याला तोड नाही. सकाळी डबा हातात देताना ती विचारी, "आज कसला देऊ? साधा, की शेजाऱ्यांसमोर?" सुरुवातीला साधे असत. "तुमच्यापेक्षा आपली गाय बरी, ती निदान रवंथ तरी करते." मग धार चढू लागली. फाटकात उभं राहून शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणे, "ह्यांचं पत्र मी अजून जपून ठेवलंय. लग्नाआधीचं. शेवटचं पान लिहायचं राहिलंय म्हणे." मी दातओठ खात निघे आणि दुपारच्या सुट्टीत कब्बन पार्कातल्या बाकावर बसून तो राग उतरवून काढी. डबा तसाच राही. माझा नायक, जो आधी एक मवाळ, समजूतदार गृहस्थ होणार होता, तो चार प्रकरणांत असा काही तापट झाला की मला त्याला आवरावं लागे. नायिका मात्र गप्प, ताठ आणि भयंकर होत गेली. तिच्या तोंडी मी बायकोचे अपमान जसेच्या तसे घालत होतो. चोरी करतोय असं वाटायचं, आणि त्याने आणखी राग यायचा.

त्या खोलीत मी यातलं एक पानही लिहिलं नाही. पण संध्याकाळी आत जाऊन दार मात्र लावून घेत असे. अकरा वर्षांची सवय.

गणपती झाले, पितृपंधरवडा लागला. गठ्ठा वीतभर झाला होता. आता एकच प्रकरण उरलं होतं, शेवटचं. नायिका घर सोडून गेली आहे, ती परत येते, उंबऱ्यात नवऱ्याची माफी मागते, समाप्त. चार दिवसांचं काम.

आणि नेमकी तेव्हा बायको प्रेमळ झाली.

एका सकाळी डबा देताना म्हणाली, "आज काही नको. छान चाललंय तुमचं. बघते मी." त्या दिवशी बाकावर बसून मी डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. झकास होती. खारी आल्या, त्यांना पोळीचे तुकडे घातले. दुसऱ्या दिवशी तिने न मागता कॉफी दिली. मी तिला विनवलं, "अगं, निदान बावळट तरी म्हण!" तर हसली आणि म्हणाली, "आता कशाला उगीच?" रागच नाही तर लिहू कशाने? म्हटलं, नवरात्र बसू दे. नवरात्र बसलं. म्हटलं, अक्काच्या बाहुल्या मांडून होऊ देत, आवाज फार होतोय. आमच्याकडे नवरात्रात घरोघर पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. पायऱ्या चढल्या, राजाराणी बसली, मैसूरचे लाकडी हत्ती बसले. दसरा धरून अजून चार दिवस होते. चार दिवसांचं काम, चार दिवस हातात. मी निवांत आंघोळीला गेलो.

आंघोळ करून आलो तर गठ्ठा नव्हता. टाक नव्हता. दौत नव्हती.

माजघरात बाहुल्यांच्या शेजारी चौरंग मांडला होता. त्यावर घरातली सगळी पुस्तकं, पोरांच्या पाट्या-पेन्सिली आणि सर्वांत वर, रेशमी खणाखाली, माझी कादंबरी. पहिल्या पानावर गंध आणि कुंकू. नायिकेच्या बरोबर डोक्यावर! त्यावर सरस्वतीची तसबीर ठेवून अक्का हात जोडून बसली होती.

"अक्का! हे काय केलंस?"

"मूळ नक्षत्र लागलं रे. सरस्वती बसली."

"माझं शेवटचं प्रकरण व्हायचंय!"

"मग दसऱ्याला कर. सकाळी पुस्तकं उठवली की. तोवर वाचायचं नाही, लिहायचं नाही. दर वर्षीचं आहे, नवीन सांगतेय का मी?"

नवीन नव्हतं, हेच तर! मी काय सांगू तुम्हाला, या तीन दिवसांची मी वर्षभर वाट बघत असे. बारा महिन्यांत हेच तीन दिवस असे की ज्यांत न लिहिण्याचं पुण्य लागे. मागच्या वर्षी तर मी स्वतःच दोन दिवस आधी टाक पूजेत नेऊन ठेवला होता आणि अक्काने कौतुकाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. उगादीला पाटावर चढून दसऱ्याची शपथ घेताना हे तीन दिवस माझ्या डोक्यातून साफ गेले होते. नवरात्रात शेवटची चार पानं लिहू म्हणणारा माणूस आमच्या घरात जन्मावा, हीच मुळात नवलाची गोष्ट.

"मी दुसऱ्या टाकाने लिहीन."

"सगळे टाक खाली आहेत. पेन्सिलीसुद्धा. हवं तर देवीच्या अंगाखालून ओढ. ओढ ना! मी बघते."

मी हात पुढे केला. अक्काने नुसतं पाहिलं. मी हात मागे घेतला आणि तसाच कचेरीला धावलो, म्हटलं तिथे तरी टाक मिळेल. तर तिथे सुट्टीच्या आधीची आयुधपूजा. टाइपरायटरना झेंडूच्या माळा, दौतींना कुंकवाचे टिळे, आणि आमचा शिपाई पेढ्यांची परात घेऊन दारात उभा. मी एका दौतीला हात लावला तसा ओरडला, "इवत्तु बरेयो हागिल्ल, सार!" आज लिहायचं नाही! एरवी वर्षभर आम्ही लिहावं म्हणून वरून आदेश निघत असत, आणि आज मला एक ओळ लिहायची होती तर अख्खं मैसूर राज्य माझ्या आड आलं.

घरी आलो तो थेट स्वयंपाकघरात. बायको कोसंबरीसाठी काकडी चोचवत होती. दार लोटून घेतलं आणि ओरडलो, "हरलात म्हण मला! तू जिंकलीस! तुला ठाऊक होतं अक्का गठ्ठा उचलणार!"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला पंचांग वाचता येतं म्हणून." विळीवरचा तिचा हात थांबला नाही. "शेवट काय आहे?"

"लिहायची बंदी आहे!"

"बोलायची नाही ना? सांगा."

मी सांगितला. हातवारे करून सांगितला. ती परत येते, उंबऱ्यावर डोकं टेकते, म्हणते मला क्षमा करा. माझा आवाज इतका गहिवरला की माझे मलाच डोळे पुसावेसे वाटले.

"ती क्षमा मागणार नाही," बायको म्हणाली.

"का नाही? कादंबरी माझी आहे!"

"बाई माझी आहे. तिच्या तोंडी सगळं माझं घातलंय तुम्ही. वाचलंय मी, रोज, तुम्ही झोपलात की. मग शेवटी तेवढं क्षमा मागणं कुठून आणलंत? मी कधी मागितली?"

"मागायला काय झालं? तिने घर सोडलं!"

तिने विळी आडवी केली. अकरा वर्षांत मी तिला रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण तो राग चवीपुरता असे. हा तसा नव्हता. आवाज अजिबात चढला नाही.

"अकरा वर्षं मी लोकांना सांगितलं, ते लिहिताहेत. माझ्या आईला सांगितलं. तुमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, तेराव्याला पाहुण्यांना सांगितलं, हळू बोला. मला ठाऊक होतं आत काही चाललेलं नाही. खोटं मी बोलत होते आणि मान तुम्हाला मिळत होता. बोळात माझ्या पोरी भाजताहेत आणि मी म्हणतेय हळू बोला. आणि आता क्षमाही मीच मागू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कोसंबरीसाठी भिजवलेली डाळ समोर होती, ती मूठभर तोंडात टाकली.

"ती परत येते," बायको काकडी पुन्हा चोचवू लागत म्हणाली, "पण क्षमा मागायला नाही. आपलं सामान न्यायला. पुढचं तुम्ही बघा. लेखक तुम्ही."

पुढचे दोन दिवस मी ते प्रकरण डोक्यात घेऊन फिरलो, जसा एखादा माणूस उकळत्या दुधाचं भांडं फडक्याशिवाय धरून फिरतो. कोणी बोललं की मी अंगावर जाई. दुकानात, बाहुल्या बघायला आलेल्या बायकांच्या गर्दीत, जेवताना, मी ओठ हलवत वाक्यं घोकत होतो. अक्का म्हणाली, "जप करतोस की काय?" मी तिला जे उत्तर दिलं ते तिने आजतागायत माफ केलेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी अक्काने आरती लांबवली. मुद्दाम! दर वर्षी एक म्हणते, त्या दिवशी चार म्हटल्या. शेवटी तसबीर उचलली तसा मी गठ्ठा ओढला. रिवाजाप्रमाणे वर श्री काढला आणि तिथेच, चौरंगाशेजारी, बाहुल्यांच्या पायऱ्यांना पाठ टेकून लिहायला बसलो. खोलीपर्यंत जायला वेळ नव्हता. माझ्या अंगावरून माणसं ये-जा करत होती. जेवायला हाका मारल्या. कोणी तरी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि कोणी तरी उचललं. नायिका आपलं सामान घ्यायला आली. नवरा तापला, ओरडला, त्याने सगळं सुनावलं. ती ट्रंकेत लुगडी भरत राहिली. शेवटी तो ट्रंकेवर बसला. ती म्हणाली, उठा. आणि तो उठला. एवढंच. मी खाली रेघ मारली तेव्हा फाटकात पानं घेऊन पहिले पाहुणे शिरत होते आणि ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं.

मी विजयी मुद्रेने उभा राहिलो. पाहतो तर बायको समोर. हात पुढे.

"आणा."

"आत्ता? पाहुणे आलेत!"

"ठरवायचं मी आहे ना? सूर्य मावळायच्या आत?" तिने गठ्ठा घेतला, माझ्या खोलीत गेली, माझ्या खुर्चीत बसली. आणि मी, कादंबरीकार, पाहुण्यांना कोसंबरीचे द्रोण देत उभा! "वहिनी कुठेत?" जो तो विचारी. "वाचताहेत!" मी खेकसत होतो. मधून मधून दाराच्या फटीतून बघत होतो. ती एकदा हसली. कुठल्या पानावर? तिथे हसण्यासारखं काही नव्हतं! मग बराच वेळ हलली नाही. शेवटचं प्रकरण हातात होतं. मी एका वृद्ध गृहस्थांच्या हातात दोनदा द्रोण दिला आणि त्यांनी नको म्हटल्यावर त्यांच्यावरच डाफरलो.

ती बाहेर आली तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं, पण आकाश लाल होतं. सगळ्यांसमोर म्हणाली, "मधे मधे वाईट आहे. नवरा फार बोलतो. पण झाली आहे." मग माझ्या हातात बन्नीची पानं ठेवली. "खोली तुमची."

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. मधे मधे वाईट म्हणजे कुठे, ते ती आठ दिवस सांगेना. आणि त्या खोलीत जाऊन बसलो तर करायचं काय? जे काही लिहिलं होतं ते दुकानाच्या पायरीवर, बागेतल्या बाकावर आणि बाहुल्यांच्या पायऱ्यांशी. त्या खुर्चीत बसून मी फक्त नखं कापली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. मी टेबल बाहेर ओढलं, खाटेखालचे कोरे रीम स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकले आणि बोळातलं मशीन उचलायला गेलो. बायको म्हणाली, "अहो, राहू दे, दोघं मिळून उचलू." मी म्हणालो, "बाजूला हो!" बिडाचं मशीन. एकट्याने उचललं, उंबऱ्यापर्यंत नेलं, आणि तिथे कमरेत अशी उसण भरली की मशीन तसंच धरून मी उभ्या जागी ओरडायला लागलो. आळीतल्या तीन मुली शिकायला आल्या होत्या, त्या हसायला लागल्या. मी त्यांनाही शिव्या घातल्या. मग त्यांनीच मशीन माझ्या हातातून घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं.